किमोनोला पदर नसतो

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
रविवार, दुपारची भांडी झाल्यावर

ती. सिंधूमावशी,

मी दहा वर्षांची असताना तू मला म्हणाली होतीस, "वैजू, तू वस्तू आणत नाहीस, वस्तूच तुला धरून आणतात." त्या दिवशी मी कोणाच्या तरी माळ्यावरून निघालेली, मधले दोन सूर कायमचे गेलेली बाजाची पेटी हातगाडीवर घालून तुमच्या दारात उभी होते आणि हातगाडीवाला काकांकडे भाडं मागत होता. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज शेहेचाळिसाव्या वर्षी वाटतं, माझी पत्रिका मांडायला दुसऱ्या कोणाची गरजच नव्हती. सध्या मला एका किमोनोने धरून आणलं आहे. खरं तर दोन.

तर आधी वाकून नमस्कार. (मनातल्या मनात. कंबर गेल्या पंधरवड्यापासून वाकत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब घालतेस, की बाटली फ्रिजच्या दारात ठेवून तिच्याकडे नुसती बघतेस? अबोलीला कळ्या आल्या का? इकडे सगळे खुशाल आहोत. विद्याधर खुशाल आहे पण कबूल करत नाही, आणि उर्वीची परीक्षा तिच्या तोंडावर आहे पण तिची पाठ परीक्षेकडे आहे. पत्र बघून तू दचकली असशील. विठ्ठलवाडी म्हणजे काही परदेश नाही आणि घरात फोन आहेत. पण फोनवर तू "सगळं बरंय" म्हणतेस, मी "बरं" म्हणते, आणि मग आपण दोघी एकमेकींच्या घरातला पंखा ऐकत बसतो. पत्रात निदान मी बोलत असताना तुला फोन ठेवता येत नाही.

मागच्या वेळी पंखा ऐकायला लागण्याआधी तू एकच प्रश्न विचारलास: साड्या कापून झाल्या का? त्याचं उत्तर द्यायलाच बसले आहे. फक्त ते जपानवरून वळसा घालून येणार, त्याला माझा इलाज नाही. काका गेले त्याला दोन वर्षं झाली. दसऱ्याच्या सुमाराला तू फिकट तेवढ्या साड्या मागे ठेवल्यास, बाकीच्या सगळ्या ट्रंकेत भरल्यास आणि विद्याधरबरोबर पाठवून दिल्यास. वर निरोप, की त्या ठाण्याच्या बाईला दे, ती जुन्या रेशमाच्या पिशव्या करते ना, तिला कापू देत, मला आता काय करायच्यात. (ट्रंक वर चढवली त्या दिवशी आमची लिफ्ट बंद होती, हे विद्याधर आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तुझ्या रेशमाचं वजन त्याच्याइतकं कोणालाच कळलेलं नाही.) मी "हो" म्हणाले. तू सांगितलेल्या गोष्टीला मी कधी नाही म्हटल्याचं आठवत नाही. पण त्या "हो"नंतर जे झालं ते असं.

ठाण्याची बाई म्हणजे बिट्रिस. तू तिला भेटलेली नाहीस. मूळची ठाण्याचीच, पोर्तुगीजांच्या वेळेपासूनच्या किरिस्ताव घरातली. तिच्या आजोबांचं भाताचं शेत होतं तिथे आता मॉल उभा आहे, आणि त्याच्या सरकत्या जिन्यावरून वर जाताना ती शेजारच्या अनोळखी माणसाला "इथे आमची लावणी व्हायची" असं सांगते. वागळे इस्टेटमध्ये तिचा गाळा आहे, एका बाजूला बाटल्यांची बुचं करणारे आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचे पंप करणारे. तिथे एका व्यापाऱ्याकडून जुन्या जपानी किमोनोंचे गठ्ठे येतात आणि ती ते कापून पिशव्या, बटवे, उशांचे अभ्रे शिवते. गठ्ठा उघडला की कापराचा आणि वर्षानुवर्षं मिटलेल्या कपाटाचा वास येतो. तुझी ट्रंक उघडल्यावर अगदी असाच आला होता, म्हणून एकदा मी गाळ्यात उघड्या गठ्ठ्यावर वाकून वास घेत उभी राहिले. (बिट्रिसला वाटलं मला धुळीचा त्रास आहे. तिने मला मास्क दिला.)

माझं तिथे काम म्हणजे चिठ्ठ्या लिहिणं. दिवसभर मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते ते आहेच. बिट्रिसला प्रत्येक पिशवीला बांधायला एकेक चिठ्ठी हवी होती, की हे कापड कसलं, कोण वापरायचं, किती जुनं. चार ओळी पुरेत, असं तिने बजावलं. मला चार ओळींत थांबता येत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी किमोनोंबद्दल वाचायला लागले, आणि मावशी, मी गेलेच.

आता तुलाही थोडं सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ नीट कळेल. (मला अजून कळलेला नाही.) किमोनो या शब्दाचा अर्थ नुसता "अंगावर घालायची वस्तू" एवढाच आहे, त्यात काही थोर नाही. कापड असतं जेमतेम दीड वीत पन्ह्याचं, पण लांबीला आपल्या नऊवारीच्या वर. ते सरळ कापायचं, पट्ट्या पाडायच्या आणि सरळ शिवायचं. गळ्याला गोल काप नाही, काखेला नाही, कमरेला चिमटे नाहीत. बाई बारीक असो की जाड, कापड तेवढंच. जास्त असेल ते आत दुमडायचं, कापून टाकायचं नाही. आणि धुवायचं कसं, तर सगळी शिवण उसवायची, पट्ट्या एकमेकींना टाके घालून पुन्हा मूळचं लांब कापड करायचं, ते धुवून ताणून वाळवायचं, आणि परत शिवायचं. म्हणजे दर धुण्याला नवा कपडा. मी हे विद्याधरला सांगितलं तर तो म्हणाला, त्यापेक्षा न धुतलेलं बरं. (त्याचं हे मत सगळ्याच कपड्यांबद्दल आहे.) पण मला ते इतकं आवडलं. कापड एकदा कापलं तरी त्याला परत अखंड होता येतं, असं काही आपल्याकडे नाही. आपण कापतच नाही म्हणून अखंड, आणि एकदा कात्री लागली की पायपुसणं.

बरं, त्यातही नुसतं सुखाचं नाही. एका काळात सरकारने व्यापाऱ्यांच्या घरांना भपकेबाज कपडे घालायला बंदी केली, तर त्या लोकांनी वरून राखाडी, मातकट कपडा घेतला आणि सगळी श्रीमंती आत, अस्तरावर रंगवून घेतली. पुढे शंभरेक वर्षांपूर्वी स्वस्तातलं रेशीम आलं, भडक रंग, मोठाली नक्षी, आणि दुकानात, कचेरीत नोकरीला लागलेल्या मुली ते घालून रस्त्यात हिंडायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांना ते फार उथळ वाटायचं. मग युद्ध झालं आणि त्याच बायका तेच किमोनो गाठोड्यात बांधून खेड्यांत गेल्या, शेतकऱ्याला किमोनो द्यायचा आणि तांदूळ घ्यायचा. आज तिथल्या मुलींना किमोनो नेसायला शिकवणी लावावी लागते, म्हणून आज्यांची कपाटं रिकामी करून गठ्ठे बांधले जातात, आणि ते असे फिरत फिरत बुचं आणि पंप यांच्या मधे येऊन पडतात. त्यांच्यात काय आहे की माणूस त्यांच्यापुढे थांबतो, हे मी खूप दिवस शोधलं. मला वाटतं, रंग आणि नक्षी हे निमित्त. त्यांच्या कॉलरच्या आत मानेचा एक पुसट डाग असतो. कोणीतरी रोज मान वळवून बघायचं, एवढं त्यातून कळतं. काय बघायचं ते कळत नाही.

हे सगळं मी चिठ्ठ्यांत लिहिलं. त्याचा परिणाम असा झाला की धंदा बसायला आला. घोडबंदर रोडवरच्या एका बाईंनी जांभळी पिशवी घेतली होती. घरी जाऊन त्यांनी चिठ्ठी वाचली की हे कापड लेकीच्या पाठवणीला आईने दिलेलं असावं, आणि दुसऱ्या दिवशी त्या डोळे पुसत गाळ्यात हजर. म्हणाल्या, हे परत जोडता येईल का. बिट्रिसने त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि साध्या खणाचा बटवा देऊन पाठवलं, त्याला चिठ्ठी नव्हती. पण खरी पंचाईत पुढे झाली. ती स्वतः कापायला बसली, कात्री हातात घेतली, आणि तिला चिठ्ठी आठवली. एक किमोनो कापायचा राहिला, मग दुसरा राहिला. आठवडाभर मशीन बंद बघून पंपवाले चौकशीला आले, कोणी गेलं का म्हणून. शेवटी तिने मला बोलावून समोर बसवलं आणि म्हणाली, "वैजू, तू थोडं वाईट लिही ना गं."

मी प्रयत्न केला. मला जमलं नाही, असं म्हटलं तर गर्व वाटेल, म्हणून असं म्हणते की वाईट लिहिलेलंही तिला चांगलंच वाटायला लागलं.

याच सुमाराला आमच्या सोसायटीचं हळदीकुंकू आलं. आमची चिटणीस नयन हिला दरवर्षी काहीतरी वेगळं सुचतं, यंदा सुचलं "देशोदेशीचे पोशाख". बायकांनी परदेशी पोशाखात यायचं आणि हळदीकुंकू मात्र आपलंच. (तिसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राने नवऱ्याचा कोट घालून "इंग्लंड" म्हणून नाव दिलं.) मी बिट्रिसकडून एक किमोनो मागून आणला. जांभळा, त्यावर बाणांच्या पिसांची पांढरी नक्षी. ही नक्षी म्हणे नवरीला देत, कारण सुटलेला बाण परत येत नाही. म्हणजे माहेरी परत येऊ नकोस हे कापडावरच विणून दिलेलं. नेसवायला उर्वी. तिने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकून लावला, त्यात एक जपानी बाई शांतपणे दाखवत होत्या, आणि उर्वी माझ्या कमरेवर गुडघा रोवून पट्टा आवळत होती. पट्टा म्हणजे माझीच जुनी टसरची ओढणी. ती घसरू नये म्हणून आत कालनिर्णयाचा मागचा पुठ्ठा. (जपानातही आत पुठ्ठा घालतात हे नंतर कळलं. माझं तेवढं एकच बरोबर आलं होतं.) माझ्या कमरेचा इतिहास तिथे सुरू होतो.

उजवी बाजू वर की डावी, असा प्रश्न मधेच आला. मोबाइलमधल्या बाई आरशासारख्या उलट्या दिसत असतील की सुलट्या, यावर आमचं एकमत होईना. शेवटी मी म्हटलं, आपण ब्लाउजची हुकं कशी लावतो, उजवी बाजू वर, मग तसंच. इतकी वर्षं ज्या हातांनी हुकं लावली त्यांना जे येतं ते त्यांनी केलं.

खाली हॉलमध्ये माझं फार कौतुक झालं. मुख्य पाहुण्या म्हणून आवडाबाईंना बोलावलं होतं. आमची इमारत उभी आहे ती जागा त्यांचं मिठागर होतं, त्यामुळे त्यांच्यासाठी लिफ्ट कधी बंद नसते. त्या नऊवारीत, अंगभर सोनं घालून, सोफ्यावर मधोमध बसल्या होत्या. नयनने तबक पुढे केलं, आवडाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, ओटीसाठी नारळ आणि तांदूळ उचलले, आणि हात तसाच हवेत राहिला. ओटी घ्यायची तर पदर पुढे करायचा. माझ्याकडे पदर नव्हता. त्यांनी मला एकदा पुढून बघितलं, एकदा मागून.

"पदर कुठं गो तुजा, पोरी? वटी काय डोक्याव घालू?"

जपानच्या इतक्या शतकांत हा प्रश्न कोणाला पडला नसावा. क्षिप्राने कोट काढून देऊ केला, पण नवऱ्याच्या कोटात ओटी घेणं कोणालाच बरं वाटेना. मग नयनला किमोनोची बाही दिसली. ती खाली पिशवीसारखी लोंबते, त्यात जपानी बायका रुमालबिमाल ठेवतात. आवडाबाईंनी नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, तिळाचे लाडू, सगळं डाव्या बाहीत घातलं आणि समाधानाने म्हणाल्या, हे बरं हाय, पदरापरीस जास्त मावतंय. त्यानंतर बाकीच्यांनीही तिथेच घातलं. आता मावशी, बायकांच्या किमोनोची बाही अंगाच्या बाजूने उघडी असते, शिवलेली नसते. हे मी स्वतः एका चिठ्ठीत लिहिलं होतं. मी पायरी चढले की मूठभर तांदूळ खाली. घरी पोचेपर्यंत जिन्यात तांदळाची रेघ, तिच्यावर कबुतरं, आणि नारळ तळमजल्यापर्यंत परत गेलेला. मला दुसरं बक्षीस मिळालं. (पहिलं इंग्लंडला.) बाहीवर हळदीचा पंजा उमटला तो निघाला नाही, त्यामुळे किमोनो बिट्रिसला परत करता येईना आणि तो माझाच झाला.

तिला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. ती कितीतरी वेळ हसत होती आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "वैजू, तू मेलीस ना गं." मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं, डावी बाजू वर घेतात ती जिवंत माणसं. उजवी वर फक्त मयताला. सरणावर ठेवायच्या आधी तसं नेसवतात.

मला रात्रभर काही सुचेना. भीती नव्हती, गोंधळ होता. नीट बघ हं. मी प्रेताची वस्त्रं नेसून हळदीकुंकवाला गेले. माझी ओटी भरली ती आवडाबाईंनी, आणि आवडाबाईंचे मालक जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांना बोलवायचं नाही असं म्हणायची आमच्या सोसायटीत कोणाची टाप नाही. (तू म्हणशील, त्यांचं वेगळं, त्यांची जमीन आहे. मी हे तुझ्याआधी म्हणून घेतलं.) म्हणजे नियमाने पाहिलं तर त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये एकही गोष्ट शुभ नव्हती. आणि सगळ्या इतक्या आनंदात होत्या. कोणाला काही झालं नाही. मी मेल्यासारखी नेसून सगळ्यांत हसत हिंडले, आणि तू तिकडे विठ्ठलवाडीला धडधडीत जिवंत असून

हे वाक्य मी इथेच सोडते. ते मला नीट पुरं करता येत नाही आणि तुला वाचायला सोसणार नाही.

खरं सांगायचं तर मी जपानकडे मदतीला गेले होते. वाटलं, तिथे एखादा नियम सापडेल, काहीतरी मोठं, जुनं, परकं, जे मी तुझ्यापुढे ठेवीन आणि म्हणेन, बघ, तिथल्या बायका कशा. तर जपान माझ्या बाजूने नाही, मावशी. तिथेही लग्न झालं की बाह्या आखूड. वय वाढलं की रंग उतरवायचा, नक्षी खाली खाली सरकवायची. महिन्याचेसुद्धा नियम, जूनला बिनअस्तराचा आणि जुलैला जाळीदार. (आपल्याकडे बाराही महिने जुलै, त्यामुळे तेवढं सोपं.) मी इतकी निराश झाले की दोन दिवस एकही चिठ्ठी लिहिली नाही आणि बिट्रिसने मोठ्या आनंदाने सहा पिशव्या कापल्या.

पण एक गोष्ट सापडली, ती सांगते. बाईचं वय झालं आणि तांबडा किमोनो अंगाला शोभेनासा वाटला, तर तो टाकून देत नसत. उसवायचा, धुवायचा, गडद रंगात बुडवायचा आणि तिलाच परत शिवून द्यायचा. कपडाही तिच्याबरोबर म्हातारा व्हायचा. पुढे लेकीला, मग गादीच्या खोळीला, आणि अगदी शेवटी चिंध्या झाल्यावर फरशी पुसायला. चिंध्या व्हायला कितीतरी वर्षं लागायची. तू मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून एकदम शेवटच्या पायरीवर गेलीस, एवढंच मला म्हणायचं आहे. (एवढंच नाही. पण एवढं तरी.)

आता दुसरा किमोनो. तो किमोनो नाही खरं तर, वरून घालायचा अंगरखा आहे, पुढून उघडाच राहतो, दोन गोंड्यांनी सैल बांधायचा. म्हणजे यात उजवं-डावं नाही, मरायची भीती नाही. साडीवरून शालीसारखा घालता येईल. तो एका गठ्ठ्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेला होता. बाहेरून राखाडी, पावसाळी ढगाचा रंग, तुझ्या हल्लीच्या साड्यांना शोभेल असा. बिट्रिसने कापायच्या आधी उलटा केला आणि मशीनवरून उठली. आत लाटा होत्या, निळ्या आणि सोनेरी, आणि त्यांच्यावरून उड्या मारणारे पांढरे ससे. जिने कोणी तो घालायचा होता, तिच्या पाठीला फक्त ससे माहीत असणार, रस्त्यातल्या कोणाला नाही. आणि कडेने सगळीकडे लांब लांब टाके होते पांढऱ्या दोऱ्याचे. नवा कपडा चुरगळू नये म्हणून शिंपी घालतो ते. घालायच्या आधी ते काढायचे असतात. ते काढलेले नव्हते. म्हणजे शिवला, कागदात ठेवला, आणि कोणी कधी घातलाच नाही. का, ते आम्हाला कळायला मार्ग नाही. आम्ही दोघी गाळ्यात बसून कारणं काढत राहिलो. तिची सगळी लग्नाची होती आणि माझी सगळी आजारपणाची. शेवटी बिट्रिसने तो परत कागदात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, तूच माझा हात बिघडवलास, तूच घेऊन जा, मी याला हात लावणार नाही.

घरी आणल्यावर उर्वी लगेच दोरे ओढायला लागली. मी तिच्या हातावर चापटी मारली. तिने विचारलं, मग कोण काढणार. आपल्या घरी नव्या साडीची घडी कोणी मोडायची हे कधी विचारावं लागलं नव्हतं. आईची, माझी, शेजारच्या रंगूबाईंच्या सुनेची, सगळ्यांची पहिली घडी तू मोडायचीस. तू दिवसभर नेसायचीस, संध्याकाळी परत द्यायचीस, आणि मग ती साडी फाटेपर्यंत सुखाची जाते असं सगळ्या म्हणायच्या. मागच्या वर्षी उर्वीने कॉलेजसाठी पहिली साडी घेतली आणि हौसेने तुझ्याकडे घेऊन आली, तेव्हा तू दारातूनच म्हणालीस, आता माझ्याकडे नवं काही आणू नका, कोणा सवाष्णीकडून मोडून घे. तुला कोणी असं सांगितलं नव्हतं गं. आमच्या तोंडून तर नाहीच. उर्वीने ती साडी अजून नेसलेली नाही. तशीच घडी कपाटात आहे. मुलगी हट्टी आहे, कोणावर गेली ते तुला ठाऊक आहे.

असो. फार लांबलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, साड्यांचं काम चालू आहे. गुडघ्याला तेल लाव. विद्याधर आणि उर्वीचा नमस्कार.

तुझी,
वैजू

ता. क. "काम चालू आहे" हे खोटं आहे. एकही साडी कापलेली नाही. ट्रंक आमच्या पलंगाखाली आहे आणि विद्याधरची करंगळी तिच्यावर दोनदा आपटली आहे. मी एक साडी गाळ्यात नेली होती, ती राणी रंगाची नारायणपेठ. बिट्रिसने टेबलावर पसरली, कात्री घेतली आणि म्हणाली, आधी चिठ्ठी लिही, मग कापते. मी कागद घेऊन बसले. अख्ख्या जपानबद्दल लिहिलं मी, मावशी, जिथे कधी गेले नाही आणि जाणार नाही. या साडीबद्दल एक ओळ सुचेना. तू ती कुठे कुठे नेसलीस, कोणी दिली, काठाला तो बारीक रफू कशाचा, मला काही म्हणजे काही माहीत नाही. बिट्रिसने कात्री ठेवून दिली आणि घडी घालायला लागली. तिला साडीची घडी येत नाही, त्यामुळे ती आता गाठोड्यासारखी दिसते.

ता. क. (दुसरा) हळदीचा पंजा असलेला किमोनो मी घरी घालते, दुपारी, मुद्रितं तपासताना. डावी बाजू वर. कुरिअरवाला आता माझ्याशी अदबीने बोलतो.

ता. क. (तिसरा, आणि हेच लिहायला बसले होते.) तो अंगरखा याच पार्सलात आहे, कागदात गुंडाळलेला, दोरे तसेच. तू तो मला परत पाठवशील, बहुतेक उद्याच, आणि वर फोनवर म्हणशील, सगळं बरंय. तू नाहीच म्हणणार, हे पत्राच्या पहिल्या ओळीपासून मला माहीत आहे. तरी विचारते. ते दोरे तू काढशील का? एक दिवस घाल, घरातल्या घरात, कोणी बघणार नाही, ससे आतच राहतील. मग मला दे. त्याची घडी तू मोडावीस, एवढंच मागते आहे.